पायाखालचा ख्रिस्त : शुसाकु एन्दो यांचे कथाविश्व

दरवर्षी फेब्रुवारीत वसईच्या धर्मग्रामांतून संत गोन्सालो गार्सियाचे स्मरण होते. वसईत पोर्तुगीज पिता व देशी माता यांच्या पोटी जन्मलेला हा तरुण जपानात प्रथम येशूसंघीय धर्मगुरूंचा मदतनीस झाला, मग व्यापारी झाला आणि अखेर मनिला येथे त्याने फ्रान्सिस्कन धर्मबंधूचा झगा अंगावर चढविला. जपानी भाषा त्याला उत्तम अवगत होती. म्हणून १५९३ साली दुभाषा या नात्याने तो पुन्हा त्या देशी गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये तो संतपदी चढला. नागासाकी हे नाव त्यामुळे आम्हांला परके नाही. परंतु त्या टेकडीभोवती पुढील अर्धशतकात जे घडले, त्याचा एक मोठा भाग आमच्या प्रवचनांत क्वचितच येतो. रक्तसाक्षी झालेल्यांची नावे आम्ही नोव्हेनांत घेतो. छळापुढे जे मोडले, ख्रिस्ताच्या मूर्तीवर पाय ठेवून जे घरी परतले आणि त्यानंतर वीस-तीस वर्षे जगत राहिले, त्यांची नोव्हेना कोणी करीत नाही. चर्चच्या इतिहासाला ते लज्जास्पद वाटले व राज्यकर्त्यांच्या लेखी त्यांचे प्रकरण मिटले होते. दोन्ही बाजूंनी बेवारस ठरलेल्या या माणसांचे वकीलपत्र विसाव्या शतकात एका जपानी कॅथॉलिक कादंबरीकाराने घेतले. त्यांचे नाव शुसाकु एन्दो. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

एन्दो यांचा जन्म २७ मार्च १९२३ रोजी तोकियो येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब मांचुरियातील दाइरेन शहरी गेले. आई व्हायोलिनवादक होती. एकच सूर मनासारखा लागेपर्यंत ती तासन्‌तास गज ओढीत बसे आणि तिची बोटे रक्ताळलेली त्या मुलाने पाहिली होती. १९३३ मध्ये आईवडिलांची फारकत झाली. आई दोन मुलांना घेऊन कोबे येथे बहिणीच्या आश्रयाला आली. तेथे ती कॅथॉलिक झाली आणि तिच्या मागोमाग अकरा-बारा वर्षांच्या शुसाकुचाही स्नानसंस्कार उरकला गेला. 'उरकला गेला' हे शब्द आम्ही जाणून योजतो, कारण त्या प्रसंगाविषयी एन्दो यांनी स्वतः जे वारंवार सांगितले, त्याचा भाव हाच आहे. इतर मुलांनी होकार दिला म्हणून त्यांनीही दिला. पुढे ते म्हणत, की आईने अंगावर चढविलेला हा पाश्चात्त्य बेताचा तयार सूट होता. तो कोठे आखूड तर कोठे ढगळ होता. अनेकदा तो काढून फेकावा असे वाटले, पण फेकल्यावर अंगावर घालायला दुसरे काही नव्हते. तेव्हा तो उसवून आपल्या अंगाला बेतून घेणे, एवढाच मार्ग उरला.

ज्या देशात शंभरांत एकही माणूस कॅथॉलिक नाही, तेथील लेखकाची ही उपमा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या वाचकाला ती प्रथम थोडी टोचते. आमचा धर्म आम्हांला बेताचा बसला, असे आम्ही गृहीत धरतो. तो बसला, की आम्ही त्याच्या मापाचे झालो, हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही.

केइओ विद्यापीठात त्यांनी फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला. युद्धकाळात प्रकृतीमुळे सैन्यभरती टळली, पण कारखान्यात राबावे लागले. १९५० मध्ये, युद्धानंतर फ्रान्सला शिकावयास गेलेल्या पहिल्या जपानी विद्यार्थ्यांपैकी एक म्हणून, ते लियों शहरी पोहोचले. मोरियाक व बेर्नानोस हे कॅथॉलिक कादंबरीकार त्यांचे गुरू. परंतु त्या गुरूंच्या कादंबरीत पापी माणूसही ज्या हवेत श्वास घेतो ती हवा ख्रिस्ती असते. तेथे देवाशी भांडण होते, कारण देव घरचाच असतो. हे घर आपले नाही, ही जाणीव एन्दो यांना फ्रान्समध्ये तीव्रतेने झाली. क्षयाने गाठले आणि १९५३ मध्ये ते परतले. त्याच वर्षी आई वारली.

१९५५ साली 'गोरा माणूस' या लघुकादंबरीला आकुतागावा पुरस्कार मिळाला आणि लेखक म्हणून त्यांचे नाव झाले. आम्हांला तिच्यापेक्षा १९५७ची 'समुद्र आणि विष' अधिक महत्त्वाची वाटते. युद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, क्यूशू विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांवर जिवंतपणी प्रयोग करून त्यांना मारण्यात आले. या घडलेल्या घटनेवर ती आधारलेली आहे. तीत क्रूरकर्मा असा कोणी नाही. सुगुरो हा तरुण डॉक्टर प्रयोगाच्या वेळी हात लावू शकत नाही आणि खोली सोडूनही जाऊ शकत नाही. तो भिंतीला टेकून उभा राहतो. त्याचा सहकारी तोदा आपल्या मनात पश्चात्ताप शोधतो आणि तो सापडत नाही म्हणून अस्वस्थ होतो. संपूर्ण पुस्तकात देवाचे नाव जवळजवळ नाही, तरी या लेखकाला पापनिवेदनाचा अर्थ ठाऊक आहे हे पानोपानी कळते. भिंतीला टेकून उभा राहिलेला तो माणूस एन्दो यांनी पुढे कधी सोडला नाही.

१९६०च्या सुमारास क्षयाने पुन्हा उचल खाल्ली. दोनएक वर्षे रुग्णालयात गेली. फुप्फुसावर तीन शस्त्रक्रिया झाल्या व तिसरीत जीव वाचेल याची खात्री नव्हती. या आजारातून उठल्यावर त्यांनी नागासाकीला एक 'फुमिए' पाहिली. फुमिए म्हणजे लाकडी चौकटीत बसविलेली ख्रिस्ताची वा मरियेची धातूची प्रतिमा. संशयिताने तिच्यावर पाय ठेवायचा. ठेवला तर सुटका. एन्दो यांनी पाहिलेल्या फुमिएच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळे डाग उमटलेले होते. त्यांच्या डोळ्यांपुढून प्रतिमेतील चेहरा गेला नाही आणि ते डागही गेले नाहीत. ही बोटे कोणाची? पाय ठेवताना त्या माणसाला काय वाटले असेल? आणि त्या जागी आपण असतो तर? या तीन प्रश्नांतून १९६६ साली 'मौन' ही कादंबरी आली. तिला तानिझाकी पुरस्कार मिळाला. विल्यम जॉन्स्टन या आयरिश येशूसंघीय धर्मगुरूंनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९६९ मध्ये निघाला व तिचे नाव जगभर झाले.

कथेच्या मागील इतिहास थोडक्यात सांगतो. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी घातली. १६३३ मध्ये नागासाकीत क्रिस्तोव्हाव फेरेरा हा येशूसंघाचा वरिष्ठ पोर्तुगीज धर्मगुरू खड्ड्यावर उलटा टांगला गेला आणि काही तासांत त्याने धर्म सोडला. त्याच्याबरोबर टांगलेला जुलियन नाकाउरा हा जपानी धर्मगुरू मात्र मरेपर्यंत डगमगला नाही. २००८ मध्ये चर्चने त्याला धन्य घोषित केले. फेरेरा जपानी नाव घेऊन जगला. १६४३ मध्ये जुझेप्पे कियारा हा इटालियन येशूसंघीय जपानात पकडला गेला. त्यानेही धर्म सोडला आणि एदो येथील ख्रिस्ती बंदिगृहात, ओकामोतो सान्‌एमोन या नावाने, १६८५ मध्ये तो वारला. एन्दो यांनी कियारावरून सेबास्तियन रोद्रिगिश हा नायक घडविला. आपला गुरू फेरेरा धर्म सोडणे शक्यच नाही, या खात्रीने तो पोर्तुगालहून गोव्यामार्गे मकावला आणि तेथून चोरवाटेने जपानात शिरतो.

कादंबरीचा सुरुवातीचा मोठा भाग रोद्रिगिशच्या पत्रांचा आहे. या पत्रांतला 'मी' मोठा आत्मविश्वासू आहे. ख्रिस्ताच्या देखण्या मुखाचे तो चिंतन करतो आणि नकळत स्वतःच्या हौतात्म्याची वेशभूषा ठरवितो. तो पकडला गेल्यावर पत्रे थांबतात व कथन 'तो' असे सुरू होते. अखेरच्या भागात तर केवळ परकीयांच्या नोंदी उरतात, एक डच व्यापारी कारकुनाची आणि एक बंदिगृहाच्या अधिकाऱ्याची. माणसाचा स्वतःचा आवाज असा पायरीपायरीने काढून घेतला जातो.

ज्या रात्रीसाठी ही कादंबरी प्रसिद्ध आहे, ती रात्र पुन्हा वाचण्यासारखी आहे. अंधारकोठडीत रोद्रिगिशला पहारेकऱ्याचे घोरणे ऐकू येते. आपण येथे ख्रिस्ताप्रमाणे यातनेची रात्र काढीत असताना हा मद्यपी खुशाल घोरतो, याचा त्याला संताप येतो, मग हसू येते. नंतर फेरेरा येऊन सांगतो, ते घोरणे नाही. खड्ड्यांवर उलटे टांगलेल्या शेतकऱ्यांचे ते कण्हणे आहे. त्या शेतकऱ्यांनी धर्म केव्हाच सोडला आहे. त्यांची सुटका आता रोद्रिगिशच्या पायावर अवलंबून आहे. स्वतःच्या यातना सोसण्याची तयारी करून आलेल्या माणसापुढे दुसऱ्याच्या यातना ठेवल्या जातात आणि त्याच्या हौतात्म्याची सगळी भाषा निरुपयोगी होते. पहाटे प्रतिमा त्याच्या पायापुढे येते. इतका वेळ मौन असलेला ख्रिस्त बोलतो. मी तुडविला जाण्यासाठीच या जगात आलो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. रोद्रिगिश पाय ठेवतो. दूर कोंबडा आरवतो.

या प्रसंगावरून नागासाकीच्या कॅथॉलिक समाजात मोठी नाराजी झाली. ज्यांचे पूर्वज प्राण देऊन गेले, त्यांना धर्मत्यागाचे हे समर्थन वाटले. या नाराजीला आम्ही संकुचित म्हणणार नाही. गोन्सालो गार्सियाच्या गावच्या माणसांना ती समजली पाहिजे. पाय ठेवणे हेच प्रेमाचे सर्वोच्च कृत्य, असा निष्कर्ष काढला तर ज्यांनी पाय ठेवला नाही ते हट्टी ठरतात आणि नाकाउराची यातना हा केवळ अहंकार ठरतो. कित्येक पाश्चात्त्य वाचकांनी असा निष्कर्ष आनंदाने काढला आहे. परंतु कादंबरी तसे म्हणत नाही. समुद्रकाठी खांबांना बांधलेले मोकिचि व इचिझो भरतीच्या पाण्यात प्राण सोडतात, ते प्रकरण लेखकाने ज्या आदराने लिहिले आहे तो पाहावा. तेथे कोठेही उपरोध नाही. रोद्रिगिशला धक्का बसतो तो त्यांच्या मरणाच्या साधेपणाचा. समुद्र होता तसाच राहतो.

आमच्या मते कादंबरीचे खरे मर्म रोद्रिगिशमध्ये नसून किचिजिरोमध्ये आहे. हा दारुडा, भित्रा, लाचार कोळी धर्म सोडतो, रडत परत येतो, धर्मगुरूला पैशांसाठी पकडून देतो आणि कोठडीच्या दाराशी येऊन पापनिवेदन मागतो. असे पुन्हा पुन्हा. वाचकाला त्याची किळस यावी अशीच लेखकाची योजना आहे. मग हा किळसवाणा माणूस एक तक्रार करतो, आणि तिला उत्तर नाही. त्याचे म्हणणे असे, की तो जन्मतःच दुबळा आहे. छळ नसलेल्या काळात जन्मला असता तर तोही एक चांगला, आनंदी ख्रिस्ती म्हणून जगला-मेला असता. मग देवाने त्याला या काळात का घातले? हे वाचून आमच्यासारख्या शांत काळातल्या ख्रिस्ती माणसाने आपल्या धार्मिकतेकडे एकदा पाहावे. आमची रविवारची मिस्सा, आमचे सण, आमची चांगली नावे यांतली किती श्रद्धा आहे आणि किती केवळ छळाचा अभाव? आमच्या ख्रिस्ती कथांतून आदर्श आई, त्यागी धर्मगुरू व पश्चात्तापाने सुधारलेला मुलगा अशी पात्रे आम्ही पुष्कळ वाचली. किचिजिरो आम्हांला तेथे भेटला नाही. तो गावात नाही असे मात्र कोणी म्हणू नये.

एका गोष्टीत एन्दो यांच्याशी आमचा मतभेद आहे. कादंबरीतील दंडाधिकारी इनोउए आणि पराभूत फेरेरा दोघेही म्हणतात, की जपान ही दलदल आहे, येथे लावलेल्या ख्रिस्ती रोपाची मुळे कुजतात. हा विचार एन्दो यांच्या निबंधांतही डोकावतो, तेव्हा तो केवळ खलपात्राचा म्हणता येत नाही. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, ग्रंथ नाही, अशा स्थितीत सोतोमे व गोतो बेटांवरील खेडुतांनी दोनशेहून अधिक वर्षे स्नानसंस्कार व प्रार्थना गुप्तपणे चालू ठेवल्या आणि १८६५ मध्ये उराकामीच्या अशाच गुप्त ख्रिस्ती खेडुतांनी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांना आपली ओळख दिली. दलदलीत हे घडत नाही. १९६९च्या 'आई' या कथेत जणू याचेच उत्तर एन्दो यांनी स्वतः दिले. निवेदक एका बेटावर अजूनही गुप्त परंपरा पाळणाऱ्या ख्रिस्ती कुळांकडे जातो. पुष्कळ आर्जवानंतर ते त्याला आपले लपविलेले चित्र दाखवितात. ती मरिया नसते. मुलाला पाजणारी एक साधी जपानी शेतकरीण असते. दरवर्षी फुमिएवर पाय ठेवून घरी परतणाऱ्यांना न्यायाधीश पित्यासमोर उभे राहणे शक्य नव्हते. त्यांना क्षमा करणारी आई हवी होती. निवेदकाला त्या चित्रात आपली मेलेली आई दिसते. एन्दो यांनी इतकी निर्मळ कथा दुसरी लिहिली नाही.

हा मातृरूप ख्रिस्त १९७३च्या 'येशूचे चरित्र' या पुस्तकातही आहे. ज्याच्या हातून चमत्कार होत नाहीत, पण जो दुःखिताची साथ सोडीत नाही, असा तो येशू आहे. युरोपीय धर्मपंडितांना तो अपुरा वाटला. मराठी वाचक इतका दचकणार नाही. विठोबाला माउली म्हणणाऱ्या भाषेत आपण प्रार्थना करतो आणि रेव्हरंड टिळकांनी त्याच भाषेत ख्रिस्ताला हाक मारली आहे. तरीही मंदिरातील सराफांचे चौरंग उलथणारा येशू या चरित्रात फिका पडला आहे, हे खरे.

१९८०ची 'सामुराई' आम्हांला त्यांची सर्वांत परिपक्व कादंबरी वाटते. हासेकुरा त्सुनेनागा हा सामान्य दर्जाचा सामुराई १६१३ मध्ये धन्याच्या आज्ञेने मेक्सिको, स्पेन व रोमकडे निघतो, शिष्टाईच्या सोयीसाठी स्नानसंस्कार घेतो आणि सात वर्षांनी परततो तेव्हा तोच संस्कार त्याचा गुन्हा ठरलेला असतो. प्रवासभर प्रत्येक भिंतीवर त्याला तो हडकुळा, कुरूप, हात पसरलेला माणूस दिसतो आणि या माणसाला लोक का पूजतात हे त्याला उमगत नाही. ज्यांची त्याने सेवा केली त्या सर्वांनी टाकल्यावर तो माणूस उरतो. येथे आकाशवाणी नाही, कोंबडा नाही. सामुराईच्या कथेतील अखेरचे वाक्य एक नोकर उच्चारतो, आणि तेवढ्याने पुरते.

एन्दो केवळ गंभीर लेखक नव्हते, हेही सांगावयास हवे. 'कोरिआन' या टोपणनावाने त्यांनी विनोदी लेखांचा रतीब घातला आणि ज्यांना अभिनय येत नाही अशा हौशी लोकांची नाटकमंडळी १९६८ मध्ये काढली. जपानात अनेकांना ते प्रथम हसविणारे गृहस्थ म्हणूनच ठाऊक होते.

१९९३ची 'खोल नदी' ही शेवटची मोठी कादंबरी आपल्याकडे, वाराणसीत, घडते. १९८४च्या ऑक्टोबरात, इंदिरा गांधींच्या हत्येच्या सुमारास, काही जपानी प्रवासी तेथे येतात. त्यांत मृत पत्नीचा पुनर्जन्म शोधणारा आहे, तसाच ब्रह्मदेशच्या युद्धातून वाचलेला सैनिकही आहे. तेथे ओत्सु त्यांना भेटतो. ल्योंच्या सेमिनरीत वरिष्ठांना न पटलेला हा कॅथॉलिक माणूस मरणासन्न दीनांना पाठीवर घेऊन गंगेकडे नेतो. ओत्सुच्या घडणीत १९५०च्या जहाजावरील एन्दो यांचे सहप्रवासी, पुढे धर्मगुरू झालेले योजि इनोउए, यांची छाया आहे. ओत्सु आम्हांला फार आवडला. पण भारतीय वाचक म्हणून आमची एक तक्रार आहे. या कादंबरीत जपानी माणसांना भूतकाळ आहे, नावे आहेत, शंका आहेत. भारतीय माणसे गर्दी, भिकारी वा गाइड म्हणून येतात आणि जातात. जपानवर युरोपीय साचा लादला जाण्याविरुद्ध जन्मभर झगडलेल्या लेखकाने आमच्या देशाला मात्र आपल्या पात्रांच्या आत्मशोधाचा पडदा म्हणून वापरावे, हे खटकते. ज्या चामुंडेच्या मूर्तीत त्यांना भारताची सोसणारी आई दिसली, तिच्यापुढे नवस बोलणारी एक तरी बाई या पुस्तकात बोलावयास हवी होती.

'मौन'कडे परत जाऊन एका दुर्लक्षित भागाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. कादंबरीला एन्दो यांनी 'उन्हातला गंध' अशा अर्थाचे नाव योजले होते. 'मौन' हे प्रकाशकाने सुचविलेले. त्या नावामुळे देव गप्प राहिला अशी कथा म्हणून लोक ती वाचतात, याची एन्दो यांना पुढे खंत वाटे. शेवटी जोडलेली बंदिगृहाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी तर बहुतेक जण गाळतात, कारण ती जुन्या दप्तरी भाषेत आहे. तीत नोंद आहे, की ओकामोतो सान्‌एमोनला धर्मत्यागाचा लेख लिहिण्यास बसविले. एकदा धर्म सोडलेल्याकडून पुन्हा असा लेख का मागावा? मधल्या काळात त्याने तो त्याग मागे घेतला असेल, तरच. आणखी एक नोंद किचिजिरोची आहे. तो आता त्याच वाड्यात नोकर म्हणून राहतो आहे, आणि झडतीत त्याच्या गळ्यात संतांची चित्रे असलेला ताईत सापडतो. अधिकारी चौकशी करतात, तो काहीबाही उत्तरे देतो. एवढेच. लेखक येथे एकही शब्द स्वतःचा घालीत नाही. २०१६ मध्ये मार्टिन स्कोर्सेसी यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी हा शेवट वगळला नाही, ही समाधानाची बाब.

१९९५ मध्ये जपानने एन्दो यांना संस्कृतिपदक दिले. २९ सप्टेंबर १९९६ रोजी तोकियोत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार शवपेटीत दोन पुस्तके ठेवण्यात आली, 'मौन' आणि 'खोल नदी'. दुसऱ्याच्या जागी 'सामुराई' असते तर आम्हांला अधिक आवडले असते.